स्वच्छ नमुना

बशीचे झाकण उघडलेले नव्हते, तरीही तिने श्वास रोखून धरला. प्रयोगशाळेतल्या बाईंनी ती काचेची बशी खिडकीपाशी नेऊन दुपारच्या उजेडात तळहातावर धरली होती. पाखराचे पिल्लू दाखवावे तशी, थोडी कौतुकाने आणि थोडी जपून. आत तांबड्या, मऊ थरावर सोनेरी ठिपके उमटले होते. बारीक, गोल, कडा अगदी रेखीव. काही एकमेकांना बिलगलेले, काही अंतर राखून आपापले बसलेले. इतक्या वर्षांत असे ठिपके तिने किती पाहिले असतील याला गणती नव्हती. त्यांची तिला किळस येत नसे, भीतीही वाटत नसे. शत्रूचा चेहरा रोजचा झाला की त्याच्याशीही एक घरोबा होतो, तसला तो परिचय होता. पण आज बाई काही बोलण्याआधीच, त्यांनी मान तिरकी करून तिच्याकडे ज्या तऱ्हेने पाहिले ती रोजची नव्हती.

"ताई, तुमचं उगवलंय," बाई म्हणाल्या.

"माझं? माझं कुठलं?"

"ते हो. 'स्वच्छ' लिहिलेलं."

ही सगळी तिचीच करणी होती. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काही दिवसांपासून रोग्यांचे टाके चिघळत होते. नीट शिवलेल्या जखमा लाल होत, पाझरू लागत, आणि प्रत्येकीत एकाच जातीचा हट्टी जंतू सापडे. रुग्णालयात संसर्ग पसरू नये हे पाहणे हेच तिचे काम. तेव्हा वॉर्डात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या नाकात कापसाची काडी फिरवून नमुना घ्यायचा, असे तिने फर्मान काढले. कारण हा जंतू माणसाच्या नाकाच्या उंबरठ्यावर बिऱ्हाड करून राहतो, घरमालकाला काही त्रास देत नाही, पण त्याच्याच बोटांवर बसून दुसऱ्याच्या जखमेत शिरतो. परिचारिकांनी निमूटपणे नाके पुढे केली, स्ट्रेचर ढकलणाऱ्यांनी शिंकांचा गोंधळ घातला, आणि मोठे सर्जन मात्र अडून बसले. "माझ्या नाकात काय सोनं सापडणार आहे?" असे म्हणून त्यांनी पाठ फिरवली. त्यावर तिने सगळ्यांदेखत एक काडी स्वतःच्याच नाकात फिरवली, नळीत बुडवली आणि नावाच्या जागी ठळक अक्षरांत लिहिले: स्वच्छ. "हा घ्या तुलनेला स्वच्छ नमुना. आता तुमचा द्या," ती म्हणाली होती. सगळे हसले, सर्जनही हसले आणि त्यांनी मान वर केली. तुलनेला असा नमुना लागतो असे कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. पण तो उगवेल अशी शंकासुद्धा त्या क्षणी तिच्या मनाला शिवली नव्हती. आपण स्वच्छ आहोत हे तिला आपला उजवा हात कोणता हे जितके ठाऊक होते, तितकेच ठाऊक होते.

"वॉर्डातलाच आहे?" तिने विचारले.

"नाही हो. तिथंच तर गंमत आहे." बाईंनी दुसरी बशी उचलली. तिच्यात औषधात भिजवलेल्या कागदाच्या बारीक टिकल्या गोलाकार मांडल्या होत्या. "वॉर्डातला आहे ना, तो निम्मी औषधं पचवून ढेकर देतो. आणि हा बघा. प्रत्येक टिकलीपुढे मान टाकतोय. ही सगळ्यांत जुन्या औषधाची. ही आम्ही आता नुसत्या सवयीनं लावतो, हिला कुणी दाद देत नाही. आणि इथं केवढं खळं पडलंय बघा." खरेच, त्या टिकलीभोवती चंद्राला पडावे तसे रुंद, निर्मळ खळे पडले होते आणि त्याच्या कडेबाहेर ते सोनेरी ठिपके दबकून उभे होते. "असा भाबडा जंतू मी कितीतरी वर्षांत पाहिला नाही, ताई. आपल्या इथं राहिला असता तर एव्हाना बेरड झाला असता. हा हॉस्पिटलचा नाही. हा तुमच्या घरचा. कदाचित लहानपणापासूनचा."

"असं सिद्ध करता येतं?"

"सिद्ध काय करताय. माझं आपलं वाटणं. रोज यांचीच तोंडं बघते ना मी, कोण कुठल्या घरचं ते थोडं कळायला लागतं." मग त्या जराशा घुटमळल्या आणि बशीकडे बघतच म्हणाल्या, "नळीवर नाव नाहीये हो. म्हणाल तर... नमुना खराब झाला, असंही होतं कधी कधी."

"नाव घाला," ती म्हणाली. "अक्षर माझं आहे. सगळं हॉस्पिटल ओळखतं."

जिन्यावरून उतरताना तिला आपले नाक आहे याची जाणीव होत राहिली. नाक असे जाणवत नाही एरवी. ते चेहऱ्याच्या मधोमध असूनही माणूस त्याच्याभोवतीने जग पाहत असतो. आता मात्र प्रत्येक श्वास आत जाताना कुणाच्या तरी दारावरून जात होता. रुग्णालयात तिचे खरे नाव फार थोड्यांना माहीत असे. सगळे तिला हातबाई म्हणत, कारण वॉर्डाच्या दाराशी उभी राहून ती येणाऱ्याला एकच शब्द विचारी: "हात?" त्यात प्रश्न असे, आज्ञा असे, आणि उत्तर मिळेपर्यंत हलायचे नाही असा निर्धारही असे. मोठमोठे डॉक्टर शाळकरी पोरांसारखे तळहात उताणे करून दाखवीत. तिचे स्वतःचे हात कितीतरी वर्षे धुऊन धुऊन जुन्या कागदासारखे झाले होते. बोटांच्या पेरांवरच्या रेषा बुजल्या होत्या, थंडीत कातडीला चिरा पडत आणि त्यांत औषध गेले की झोंबे. त्या झोंबण्यात तिला एक समाधान मिळे. झोंबते आहे म्हणजे काम चालले आहे. नियम तिचाच होता: ज्याचा नमुना उगवला त्याने नाकाला मलम लावायचे, पुन्हा तपासून घ्यायचे, आणि तो नमुना कोरा येईपर्यंत उघड्या जखमेजवळ किंवा नवजात बाळाजवळ जायचे नाही. नियम लिहिताना शेवटचे तीन शब्द तिने खाली रेघ मारून लिहिले होते. आणि उद्या, परवा, केव्हाही, लेकीचा फोन येणार होता.

लेकीचे बाळ वेळेच्या फार आधी जन्मले होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या एका रुग्णालयात ते काचेच्या पेटीत होते. नळ्या आता निघाल्या होत्या, ते आपापला श्वास घेत होते, पण वजन धरत नव्हते. तिने ते आतापर्यंत काचेबाहेरूनच पाहिले होते. पेटीच्या भिंतीवर तिचा स्वतःचा चेहरा आणि त्यातून आरपार दिसणारे ते एवढेसे लालसर अंग, अशी दोन चित्रे एकात एक मिसळली होती, आणि काचेवरचा एक पुसटसा ठसा पाहून तिच्या मनात सर्वांत आधी आले ते हे, की ही काच आज पुसलेली नाही. त्याची नंतर तिला लाज वाटली. पण मनात पहिले काय यावे हे कुठे आपल्या हातात असते?

रस्त्यावर संध्याकाळची वर्दळ सुरू झाली होती. माणसे एकमेकांना घासून जात होती, दाराच्या मुठी, जिन्याचे कठडे, दुकानाच्या काचा यांवर हात टेकवीत होती. प्रत्येक जण आपल्या अंगावरची एक अदृश्य वस्ती घेऊन चालला होता आणि जाता जाता तिच्यातले थोडे मागे ठेवीत होता, थोडे दुसऱ्याचे उचलून नेत होता. हे चित्र तिने नव्या परिचारिकांना कितीदा तरी रंगवून सांगितले होते, त्यांच्या अंगावर शहारा यावा म्हणून. आज पहिल्यांदाच त्या चित्रात ती स्वतः चालत होती. आणि चालताना तिला ते खळे दिसू लागले. औषधाची ती टिकली काहीच करीत नाही, नुसती आपल्या जागी बसते. पण तिच्यातून काहीतरी झिरपत जाते आणि तिच्याभोवती एक वर्तुळ तयार होते, ज्यात काही उगवत नाही. किती निर्मळ असते ते वर्तुळ. आणि किती ओसाड. लेक लहान असताना ती कामावरून घरी येई तेव्हा पोर दारापर्यंत धावत येई, आणि ती दोन्ही हात वर करून ओरडे, "थांब. अजून नाही." मग कपडे बदलणे, अंघोळ, पुन्हा हात, आणि सगळे आटोपून ती पोरीला घ्यायला येई तोवर पोरीचा उमाळा ओसरलेला असे, ती चित्रांत नाहीतर झोपेत बुडालेली असे. एकदा सुटीच्या दिवशी तिने पडद्याआडून पाहिले: पोर बाहुल्यांना रांगेत बसवून 'आई आली, आई आली' खेळत होती. खेळात आई व्हायचे म्हणजे काय करायचे, तर दाराशी येऊन दोन्ही हात वर करून उभे राहायचे. तेवढेच. मग खेळ संपे. नवऱ्याला तिने ते हसत हसत सांगितले होते आणि तोही पोट धरून हसला होता. त्या हसण्याच्या तळाशी काहीतरी बारीक टोचले होते, ते ती तेव्हाच धुऊन मोकळी झाली होती.

नवरा चष्म्याच्या दुकानात होता. दुकान घराच्याच खाली. तो काचेच्या टेबलावर वाकून कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवीत होता. ती आत आली तरी त्याने मान वर केली नाही, पण खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"अहो, माझ्या नाकात जंतू सापडलाय."

त्याने पेचकस खाली ठेवला. "कुणी सोडला?"

"थट्टेवारी नेऊ नका."

"थट्टा कुठं करतोय. माझ्या घरात राहतो आणि मला पत्ता नाही, म्हणून विचारलं."

"तुमच्याही नाकात असेल. एका घरात राहणाऱ्यांचा बहुधा एकच निघतो."

त्याने हे जरा वेळ मनात घोळवले. मग चष्मा डोळ्यांपासून लांब धरून त्यातून तिच्याकडे पाहत म्हणाला, "चला, म्हणजे आपल्यातही काहीतरी सारखं निघालं. मला आपलं उगाच वाटत होतं, की रात्री खिडकी उघडी ठेवायची की बंद, इथपासून सगळंच वेगळं."

ती हसली नाही. हसायला आले होते, पण तिने ते अडवले. आणि अडवल्यावर डोळ्यांत पाणी आले, तेव्हा त्याने चष्मा खाली ठेवला आणि दुकानाचे दार लोटून घेतले. "बाळाचं म्हणतेस का?" त्याने विचारले. तिने मान हलवली. तो तिच्यासमोर टेकून थांबला. ज्याने कितीतरी वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर एकेक काच धरून "आता बरं दिसतं का?" असे विचारण्यात घालवली, त्याला उत्तराची वाट पाहायची सवय असते.

दिवे लागले आणि लेकीचा फोन आला. आवाज अजून टाक्यांना जपून जपून येत होता. "आई, उद्या दुपारी ये. डॉक्टर म्हणतात, पेटीपेक्षा कुणाची तरी छाती हवी. उघड्या अंगाला उघडं अंग. मी सकाळी थोडा वेळ धरते, पण टाके ओढतात, फार वेळ बसवत नाही. बाळाचा बाबा संध्याकाळी येतो, कामावरून सुटला की. दुपारी कुणीच नाही."

"मला येता येणार नाही, ठकू," ती म्हणाली. मग तिने सगळे सांगितले. बशी, सोनेरी ठिपके, नियम. सांगताना तिचा आवाज नकळत वॉर्डातला झाला, स्पष्ट, मुद्देसूद. "मलम सुरू करते आज. मग पुन्हा तपासणी. ती कोरी आली की लगेच येते."

"किती दिवस?"

"पंधरा-वीस धर."

पलीकडे लांबवर कुणाचे तरी भांडे पडल्याचा आवाज आला.

"बरं," लेक म्हणाली.

तो 'बरं' तिला ओळखीचा होता. त्यात राग नव्हता, हट्ट नव्हता, इस्त्री करून घडी घातलेल्या कापडासारखा तो सपाट होता. बाहुल्यांच्या खेळानंतर कधीतरी, कुठल्यातरी वर्षी, पोरीने धावत दारापर्यंत येणे सोडले आणि त्या जागी हा शब्द आला. शाळेच्या कार्यक्रमाला येता येणार नाही: बरं. ताप आहे ना, मग दारातूनच बोलते: बरं. तिने कधी तक्रार ऐकली नाही, म्हणून सगळे ठीक आहे असे धरून ती चालली. जंतूही तक्रार करीत नाहीत. ते फक्त कडेबाहेर थांबतात.

मलमाची नळी तिने आरशाखालच्या फळीवर ठेवली. काडीच्या टोकावर तांदळाच्या दाण्याएवढे मलम घ्यायचे आणि नाकपुडीच्या आतल्या कडेने फिरवायचे, हे शेकडो लोकांना समजावलेले तिने स्वतःला समजावले, आणि हात उचलला, आणि थांबली. लहानपणापासूनचा, बाई म्हणाल्या होत्या. भाबडा, म्हणाल्या होत्या. तिला एकाएकी तिचे वडील आठवले. ते काचेच्या कारखान्यात होते. पेटत्या भट्टीतून लांब फुंकनळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा उचलायचा आणि दुसऱ्या टोकाने फुंकायचे. नारिंगी गोळा आतून फुगत, निवळत, तपकिरी बाटली होई. औषधांच्या बाटल्या. घरी त्यांच्या ओठांना सतत एक जाडपणा असे. ती पडली, गुडघा सोलला, की ते त्याच तपकिरी बाटलीतले आयोडीन लावीत आणि ती किंचाळायच्या आत खाली वाकून फुंकर घालीत. भट्टीपाशी काच फुगवणारा तो श्वास तिच्या गुडघ्यावर येईपर्यंत इतका निवलेला असे, की झोंबणे आणि गार वाटणे यांच्यामधली एक वेगळीच जागा तिथे तयार होई, जिला अजूनही तिच्याजवळ शब्द नव्हता. परिचर्येच्या पहिल्याच वर्षी शिकवले गेले: जखमेवर कधीही फुंकर घालायची नाही, तोंडातले, नाकातले सगळे जंतू थेट आत जातात. सुटीत घरी गेल्यावर तिने मोठ्या गंभीरपणे वडिलांना ते सांगितले होते. "म्हणजे आता मी फुंकायचं सोडू?" त्यांनी विचारले. "बाटल्या फुंका, बाबा. गुडघे नको," ती म्हणाली होती, आणि ते इतके हसले होते की त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांना जाऊन किती काळ लोटला. त्यांनी फुंकलेली एकही बाटली तिच्याजवळ नव्हती. आणि आता, कुणी सांगावे, त्या गुडघ्यावरून, त्या श्वासातून उतरलेले काहीतरी तिच्या नाकाच्या उंबरठ्याशी इतकी वर्षे गुपचूप बसून होते. तिने धुतले, घासले, उकळले, पुसले, आणि हे तेवढे राहून गेले. शोधायला जावे तर ते तिच्या नावाऐवजी 'स्वच्छ' लिहिलेल्या नळीत सापडावे. तिला त्या सोनेरी ठिपक्यांविषयी एक वेडी माया दाटून आली. कुणाला सांगितली असती तर त्याने तिला वेड्यात काढले असते. पण माया वाटते म्हणून तिने कधी कुठल्या जंतूला सोडले नव्हते. तिने काडी फिरवली. मलमाला थंड, तेलकट वास होता.

दारात नवरा उभा होता. त्याने मान वर करून नाक पुढे केले. "मलाही लाव. एकटीला कशाला शिक्षा?"

"तपासल्याशिवाय औषध लावायचं नसतं. उगाच लावलं की तेच बेरड होतात."

"म्हणजे मला नाही?"

"तुम्हाला नाही."

"मग राहू दे माझ्याकडे," तो समजूतदारपणे म्हणाला. "तुझ्या माहेरचं कुणीतरी घरात असलेलं बरं."

आता मात्र तिने हसू अडवले नाही.

सकाळी ती कामावर जायला निघाली होती; वॉर्डात नाही, कचेरीत बसायचे होते. तेव्हा फोन पुन्हा वाजला. लेकीचा आवाज वेगळा होता. रात्रभर कडेवर घेऊन फिरवलेले वाक्य आता खाली ठेवायचे आहे, असा.

"मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. तुझ्या जंतूचं. ते म्हणाले, आईंना घेऊन या, मी बोलतो."

"ठकू, नियम—"

"ऐक ना, आई. तू नाही आलीस तर बाळाचं काही अडणार नाही. पेटी आहे त्याला, नर्स आहेत. माझं अडतंय." एक श्वास. "मला एकदा बघायचंय. तुझ्याजवळ कुणालातरी."

ती दारातच उभी राहिली. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले, खालच्या दुकानात नवऱ्याने शटर वर केले, आणि इतक्या वर्षांत ती ज्या वर्तुळाच्या मधोमध बसली होती त्याच्या कडेवर कुणीतरी आजवर उभेच आहे, ते कुठे निघून गेलेले नाही, हे तिला लख्ख दिसले. "बरं" असे तिला म्हणायचे नव्हते. "येते," ती म्हणाली. "दुपारी येते."

बाळांचे डॉक्टर तरुण होते आणि त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. तिने खुर्चीत बसण्याआधीच सांगून टाकले: जंतू कोणता, कुठल्या औषधांना दबतो, मलम सुरू केले आहे पण ते पुरे झालेले नाही, आणि नियमाप्रमाणे ती इथे यायलाच नको होती. त्यांनी सगळे ऐकून घेतले, मध्ये एकदाच जांभई दाबली.

"सिस्टर, तुमच्यासारखी तपासणी मी इथं केली तर निम्मे लोक घरी बसवावे लागतील. माझ्याही नाकात असेल," ते म्हणाले. "वॉर्डातला तो हट्टी असता तर मीच तुम्हाला दारात अडवलं असतं. हा तो नाही. आणि मलाही धोका दिसतोच. म्हणून मास्क हवा, हात धुतलेले हवेत, तुम्हाला ते मी काय सांगणार. पण दुसरी बाजूही आहे. हे बाळ आलं तेव्हा त्याच्या अंगावर जंतू म्हणून कुणीच नव्हतं. अगदी कोरं. तसं कुणालाच राहता येत नाही. कुणीतरी राहायला येणारच. आता ते आमच्या नळ्यांवरचं आलं तर मला झोप लागणार नाही. घरचं कुणी आलेलं बरं."

"छाती औषधी साबणानं धुऊन घेते," ती घाईने म्हणाली.

"नको. तेवढं नका करू," ते म्हणाले. "छाती आहे तशीच असू द्या."

आहे तशीच. हे दोन शब्द घेऊन ती हात धुवायला गेली. दाराशी एक तरुण परिचारिका उभी होती. या रुग्णालयात तिला कुणीही ओळखत नव्हते. तिने नखांपासून कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, अंगठ्याभोवती, जसे शिकवत आली तसे हात धुतले आणि ते वर धरून ती दाराकडे वळली.

"आजी," परिचारिका म्हणाली, "हात धुतले का नीट?"

तिला आजवर कुणी आजी म्हटले नव्हते, आणि हे तर कुणी विचारलेच नव्हते. तिने तळहात उताणे करून दाखवले. पोरगी वाकून बघू लागली. "घड्याळ राहिलंय बघा. ते काढा आणि पुन्हा धुवा हं, आजी. घाई नाही." मनगटावर खरेच घड्याळ होते. ज्या गोष्टीसाठी तिने कितीजणांना दारातून परत पाठवले होते, ती आज तिच्या मनातून साफ उतरली होती. तिने घड्याळ काढले, पिशवीत टाकले आणि मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आरशात तिला मास्कवरचे स्वतःचे डोळे दिसले. ते हसत होते की घाबरले होते हे तिलाही ठरवता आले नाही.

लेक चाकांच्या खुर्चीत आधीच येऊन बसली होती, मांडीवर उशी घट्ट धरून. केस विंचरलेले नव्हते, चेहरा सुजलेला होता, आणि ती आईकडे एकटक पाहत होती. लहानपणी पाहुण्यांच्या पिशवीकडे पाही तशी, काही मागायचे नाही असे ठरवून. आई तिच्या शेजारच्या आरामखुर्चीत टेकली. समोरून उघडणाऱ्या झग्याचे बंद तिने सोडले. मग परिचारिकेने पेटीतून ते उचलले, एका हातात मान, दुसऱ्या हातात बाकीचे सगळे, आणि तिच्या उघड्या छातीवर आणून ठेवले.

ते इतके हलके होते की आधी तिला फक्त ऊब कळली, वजन नंतर. मग अंग कळले: पातळ, ओलसर, सायीसारखे, खाली कुठेतरी भराभर धडधडणारे. त्याने एक पाय आखडून तिच्या पोटावर रोवला. त्याचे नाक तिच्या गळ्याच्या हाडापाशी टेकले होते आणि तिथे एक बारीक, अनियमित वारा लागत होता, मधूनच थांबणारा, आणि तो थांबला की तिचाही श्वास थांबे. "एक हात खाली, एक पाठीवर. चोळू नका, थोपटू नका," परिचारिका सांगत होती. "नुसते ठेवा." नुसते ठेवायचे. हातांना इतके दिवस काहीतरी करायचे असे. उघडायचे, मिटायचे, पुसायचे, अडवायचे. त्यांना नुसते राहायला कुणी सांगितले नव्हते. हळूहळू पंजाखालची पाठ निवांत झाली. त्या दोघांच्या कातडीमध्ये आता हवाही नव्हती. आत्ता, या क्षणी, काहीतरी इकडून तिकडे जात असेल. कदाचित तिकडूनही इकडे. हिशेब न ठेवता, नाव न विचारता. हे तिला पुरते ठाऊक होते. त्याचा प्रत्येक टप्पा ती फळ्यावर काढून दाखवू शकली असती. ते ठाऊक असूनही ती बसून राहिली.

"झोपलं," लेक कुजबुजली. "आई, हलू नकोस."

ती हलली नाही. लेकीच्या चेहऱ्यावरून काहीतरी सावकाश उतरत होते, आणि ते काय हे विचारायची तिला घाई नव्हती. लेकीने खुर्ची थोडी पुढे घेतली, इतकी की दोघींचे गुडघे एकमेकांना लागले. यंत्रे आपापली टिकटिक करीत होती. कोपऱ्यात दुसऱ्या कुणाचे तरी बाळ रडायला लागले आणि कुणीतरी त्याला समजावले. आणि मग, मास्कच्या आत, मलमाच्या तेलकटपणामुळे की आणखी कशामुळे, तिच्या नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. आधी बारीक, मग असह्य. दोन्ही हात गुंतलेले. तिने ओठ मुरडले, नाक आक्रसले, भुवया उंचावल्या. कशाचाही उपयोग होईना.

"काय गं?" लेकीने विचारले. मग तिच्या ध्यानात आले. तोंडावर हात ठेवून ती हसली, टाके दुखले म्हणून कळवळली, आणि कळवळत पुन्हा हसली. "नाक?"

तिने डोळ्यांनीच हो म्हटले.

लेकीने उशी मांडीवरून बाजूला केली, दमाने पुढे वाकली आणि बोटाच्या पेराने मास्कवरूनच तिचे नाक खाजवले. "इथं?"

"जरा डावीकडे."

"इथं?"

"हं."

बाळाने झोपेत एक सुस्कारा सोडला आणि तोंड तिच्या गळ्यात आणखी खुपसले. लेकीने हात मागे घेतला, बोटाकडे पाहिले, मग आईकडे. "नाकाला लावला ना मी," ती म्हणाली. "थांब, धुऊन येते." आणि खुर्चीच्या चाकाकडे तिने हात नेला.

"जाशील मग," ती म्हणाली. "बस जरा."